जगात जर्मनी, केकात परभणी

क्रीम फेटायचं तर भांडं गार हवं, बीटरची पाती गार हवीत आणि क्रीम तर फ्रीजमधून आत्ताच काढलेलं हवं. केकच्या कुठल्याही पुस्तकात हे पहिल्या दोन-चार पानांत लिहिलेलं असतं. ही पुस्तकं लिहिणाऱ्या मंडळींनी एकदा मे महिन्यात परभणीला यावं. पारा 42-43च्या घरात, पंखा आग ओकतोय, नळाचं पाणीसुद्धा चटका देतंय... आणि नेमक्या अशाच दुपारी कुणाच्या तरी पाच वर्षांच्या लेकाला केकवर पिवळाधमक जेसीबी हवा असतो!

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आम्ही परभणीकर कॉलर ताठ करून सांगतो. पुण्या-मुंबईचे मित्र हसतात. हसू देत. केकच्या बाबतीत तरी हे नातं अगदीच ओढूनताणून जोडलेलं नाही. आपल्या बेकऱ्यांमधला सगळ्यांच्या ओळखीचा केक म्हणजे ब्लॅक फॉरेस्ट, आणि तो मूळचा जर्मनीचा. तिकडे त्यात चेरीपासून काढलेली कडक दारू घालतात. आपल्याकडे येईपर्यंत दारू गायब झाली आणि वरची ती लालभडक ‘चेरी’सुद्धा बऱ्याचदा साखरेत मुरवून रंगवलेलं करवंद असतं. म्हणजे जर्मनीचा केक आणि आपल्या रानातलं करवंद. याहून चांगली सोयरीक कुठली?

असो. मी पुण्यात आयटीत काम करते. आठवड्यातले काही दिवस ऑफिस, बाकी ‘वर्क फ्रॉम होम’. त्यामुळे महिन्यातले आठ-दहा दिवस परभणीच्या घरी जातात. तिथे सकाळी नऊला लॅपटॉप उघडतो आणि संध्याकाळी सातनंतर ओटीजी. आमच्या घरात सध्या दोन डेडलाइन्स चालतात. एक क्लायंटची आणि एक केकची. केकची जास्त कडक असते. क्लायंटला ‘सोमवारी देते’ म्हणता येतं. वाढदिवस सोमवारवर ढकलता येत नाही!

भट्टी, गोल ओव्हन आणि पार्ले-जी

आमच्या लहानपणी घरी केक म्हणजे अप्रूपच. दिवाळीच्या आधी मैदा, रवा, तूप, पिठीसाखर पिशवीत घालून बेकरीवर न्यायची आणि भट्टीतून नानखटाई भाजून आणायची, हे आमचं ‘बेकिंग’. घरी परतताना त्या गरम डब्याचा जो वास यायचा, तो आजही कुठल्या महागड्या कॅफेत मला सापडलेला नाही. मग कधीतरी आईने तो गोल अॅल्युमिनियमचा ओव्हन घेतला. वरच्या झाकणाला काचेची छोटी खिडकी, आणि त्या खिडकीला डोळा लावून बसलेली आम्ही भावंडं. त्याचं तापमान किती, हे विचारायचं नाही. सुरू किंवा बंद, एवढंच त्याला कळायचं. ज्यांच्याकडे तोही नव्हता ते जाड बुडाच्या कढईत वाळू तापवून त्यावर डबा ठेवायचे.

नंतर नोकरी, पुणे, हिंजवडीचं ट्रॅफिक. केक काय, फोनवर बोट ठेवलं की अर्ध्या तासात दारात. आणि मग 2020चा मार्च आला. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने चार कपडे घेऊन घरी आले ती दीड वर्ष तिथेच राहिले. तो काळ आठवतोय ना? बेकऱ्या बंद, हॉटेलं बंद, आणि लोकांचे वाढदिवस मात्र वेळेवर येत होते! त्या उन्हाळ्यात बिस्किटांची पावडर, दूध आणि इनोची पुडी असा केक घरोघरी झाला. त्यात जादू काहीच नव्हती. इनोमध्ये सोडा आणि सायट्रिक अॅसिड असतं. दूध पडलं की फसफसून गॅस होतो आणि मिश्रण फुगतं. आमच्याकडेही तो झाला. बाबांनी चव घेऊन जाहीर केलं, ‘पार्ले-जी चहात बुडवून खाल्लं तर जास्त चांगलं लागतं.’

त्यावर आई जे काही पेटली, ती आजवर विझलेली नाही.

आधी वजनकाटा, मग कला

पहिला धडा काय, तर अंदाज बंद. आमच्या आयांचा सगळा स्वयंपाक अंदाजाने चालतो आणि तो चुकतही नाही. पण केकमध्ये मीठ नंतर घालता येत नाही, पाणी वाढवता येत नाही. एकदा डबा आत गेला की हरी हरी. म्हणून पाचशे रुपयांचा डिजिटल वजनकाटा आला. आई त्याला ‘ते सोनाराचं यंत्र’ म्हणते.

आमचा घरचा हमखास स्पंज दह्याचा. दीड कप मैदा, एक कप ताजं दही, पाऊण कप साखर, अर्धा कप तेल, सव्वा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, थोडं व्हॅनिला. दह्यात सोडा-बेकिंग पावडर घातली की पाच मिनिटांत ते फुगून वर येतं. दह्याचा आंबटपणा आणि सोडा यांचं जे भांडण होतं, त्यातूनच केक हलका होतो. मैदा घातल्यावर मात्र जास्त फेटायचं नाही, नाहीतर त्यातलं ग्लुटेन चिवट होतं आणि केकची भाकरी होते. ओव्हन आधी तापवून घ्यायचा, 180 अंशांवर तीस-पस्तीस मिनिटं, आणि मध्ये दार उघडून डोकवायचं नाही. हा शेवटचा नियम बाबांसाठी.

दुसरा धडा, हवामान. चांगल्या चॉकलेटमध्ये कोको बटर असतं आणि ते 34 अंशांच्या आसपास वितळतं. म्हणूनच ते तोंडात विरघळतं. पण आमच्याकडे ते तोंडापर्यंत पोचायला तर हवं! उन्हाळ्यात स्वयंपाकघरच त्याहून गरम असतं. म्हणून मग कंपाऊंड चॉकलेट, ज्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तूप असतं आणि ते जरा तग धरतं. गनाशसाठी पुस्तकात डार्क चॉकलेट क्रीमच्या दुप्पट सांगितलेलं असलं, तर एप्रिल-मेमध्ये आम्ही तिप्पट घेतो. पावसाळ्यात उलटं संकट. फ्रीजमधून काढलेल्या फॉन्डंटला घाम फुटतो, आणि काळ्या बैलाचा रंग पांढऱ्या बैलावर उतरतो. आणि डिसेंबर-जानेवारीत परभणीची थंडी अशी काही पडते, की क्रीम फेटायला फ्रीजची गरजच नाही. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ असंही आमच्या गावाबद्दल म्हणतात. ते बहुधा केकबद्दलच असावं!

आणि लाइट. एकदा ओव्हनमध्ये केक अर्धा फुललेला असताना ती गेली आणि चाळीस मिनिटांनी आली. केकच्या मध्ये चांगलं पाणी साठेल एवढा खड्डा. आई शांतपणे म्हणाली, ‘मधलं काढून टाकू, किल्ला करू.’ खड्ड्याचा झाला हौद, बाजूचे झाले बुरूज. ज्या मुलाचा वाढदिवस होता तो आजही सांगतो, की माझ्या किल्ल्यात हौद होता.

रुखवत नावाचा कोर्स

आता मुख्य गोष्ट. सजावट.

मी आपली सिन्सिअर विद्यार्थिनी. यूट्यूबवर व्हिडिओ लावायचा, पॉज करायचा, वहीत लिहून घ्यायचं. केकवर आधी क्रीमचा पातळ थर द्यायचा म्हणजे चुरा उठत नाही, तो गार झाला की वरचा थर, मग टर्नटेबल फिरवत पॅलेट नाइफने कडा. हे सगळं मी नीट शिकले. माझ्या कडा सरळ येतात. पण फॉन्डंटची पहिली पिशवी उघडली, तेव्हा आईने तो गोळा हातात घेतला, दाबला, थोडा खाऊन पाहिला आणि म्हणाली, ‘हे तर साखरेचं कणीकच की गं!’

पुढच्या दहा मिनिटांत तिने तुळशीवृंदावन केलं. पायऱ्यांसकट.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या गल्लीतलं कुठलंही लग्न असो, रुखवत आईचं. करंज्यांची बैलगाडी, शंकरपाळ्यांची विहीर, डाळींची रांगोळी, शेवयांच्या छपराचं घर. संक्रांतीला नव्या नवरीसाठी हलव्याचे दागिने. हलवा करणं म्हणजे काय असतं माहितेय? मंद आचेवर परातीत तीळ नाहीतर साबुदाणा घ्यायचा, चमचा-चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं. तासन् तास. थंडी चांगली असेल तर त्याला काटा येतो. आपल्याकडे पाडव्याला साच्यातून काढलेल्या साखरेच्या गाठी असतात. लग्नाच्या खिरीसाठी बायका बोटांवर गव्हले वळतात, तांदळाच्या दाण्यापेक्षाही बारीक. ‘शुगर आर्ट’ हा शब्द मी इन्स्टाग्रामवर शिकले. ते काम मात्र आमच्या घरात चाळीस वर्षं चालू होतं, आणि कुणी त्याला काही नाव दिलं नव्हतं.

त्यानंतर आमची विभागणी ठरली. स्पंज, गनाश, कडा माझ्याकडे. आकार आईकडे. आणि तिने एकेक काय युक्त्या काढल्या! परदेशात मोठे आकार करताना आत मार्शमेलोत घोळवलेले कुरमुऱ्यासारखे दाणे दाबून बसवतात. आईने मुरमुऱ्याचा गुळातला लाडू वळला, त्याला बैलाचा आकार दिला, वर गनाश आणि मग फॉन्डंट. वशिंड, झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळ. पोळ्याच्या दिवशी ती जोडी पाहून शेजारच्या आजींनी खरंच हळद-कुंकू आणलं होतं. ट्रॅक्टरची मागची चाकं म्हणजे चॉकलेट क्रीमची बिस्किटं. आमच्याकडे ट्रॅक्टर केकला जेवढी मागणी आहे, तेवढी बार्बीला नाही!

सगळ्यात अवघड केक झाला तो निवृत्तीचा. आमच्या ओळखीतले एक काका कृषी विद्यापीठात ज्वारीवर काम करत होते. ‘परभणी मोती’सारखे ज्वारीचे वाण देणारं, 1972 साली सुरू झालेलं हे विद्यापीठ म्हणजे आमच्या गावाचा अभिमान. त्यांच्या मुलीला वडिलांसाठी ज्वारीचं कणीस हवं होतं. मी स्पंजमध्ये एक तृतीयांश ज्वारीचं पीठ घातलं. ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून सगळं पीठ तिचं घेतलं तर केक भुसभुशीत होऊन पडतो. आणि आईने दाणे वळले. गव्हले वळतात तसे, बोटावर. दोन रात्री. पांढरे, टपोरे, प्रत्येकाच्या टोकाला किंचित पिवळी छटा. काकांनी केक कापायच्या आधी चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि म्हणाले, ‘दाणा बरोबर भरलाय.’ आईला पुरस्कार मिळाला असता तरी ती इतकी खूश झाली नसती.

अंडं, जिलेटिन आणि दिवा

गंगाखेड आमच्यापासून चाळीसेक किलोमीटरवर. संत जनाबाईंचं गाव. या भागात माळकरी घरं पुष्कळ, त्यामुळे ‘एगलेस ना?’ हा पहिला प्रश्न. पण नुसतं अंडं टाळून भागत नाही. बाजारातल्या बऱ्याच फॉन्डंटमध्ये जिलेटिन असतं, आणि ते प्राण्यांपासून येतं. म्हणून पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहायचा, अगरअगर किंवा डिंकावर केलेलं घ्यायचं. आमचं ऐकून दोन-तीन ओळखीच्या बेकर मुलीही आता ते बघून घेतात.

पारंपरिक रॉयल आयसिंगमध्येही अंड्याचा पांढरा बलक असतो. पुण्याच्या प्राची धबल देब यांनी त्यावर बिनअंड्याचा मार्ग काढला आणि 2022मध्ये शंभर किलोंची शाकाहारी रॉयल आयसिंगची वास्तू उभी केली, मिलानच्या कॅथेड्रलच्या धर्तीवर. लंडनच्या वर्ल्ड बुक ऑफ रेकॉर्ड्सने तिची नोंद घेतली. मी आईला फोटो दाखवला. तिने तो बोटांनी मोठा करून करून पाहिला. खांब, कमानी, जाळी. आणि मग विचारलं, ‘हिला किती दिवस लागले असतील गं?’ लक्षात घ्या, तिने ‘कसं केलं’ विचारलं नाही. ‘किती दिवस’ विचारलं. हे पुढे फार कामाला आलं.

राहिली मेणबत्ती. दिवा फुंकून विझवायचा, तोही वाढदिवसाला, हे आजीला मान्य नव्हतं. तिचा तोडगा सोपा होता. आधी औक्षण, निरांजन देवापाशी जळत ठेवायचं, मग तुमचा तो केक कापा. आम्ही बॉक्सबरोबर मेणबत्ती मागितल्याशिवाय देत नाही. बऱ्याच घरी ती मागतही नाहीत.

‘घरचंच तर आहे!’

आता पैशाचं बोलू.

बाबांचं शालेय स्टेशनरीचं दुकान होतं. 2020-21मध्ये शाळाच बंद. जूनमध्ये भरलेला माल तसाच पडून राहिला, आणि वर्ष संपता संपता दुकानही आवरलं. उरलेल्या वह्या, कार्डशीट, कंपासपेट्या घरी आल्या. बाबा दिवसदिवस त्यांच्याकडे पाहत बसायचे. माझा पगार चालू होता, घर चालत होतं. पण घरातल्या दोन माणसांना आपण काही कमवत नाही हे टोचत होतं, आणि त्यातल्या एकीला ते आयुष्यभर टोचत होतं हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं.

पहिली बाहेरची ऑर्डर आली ती ट्रॅक्टरची, एक किलो. आई म्हणाली, ‘शेजारचं लेकरू, पैसे कसले घ्यायचे?’ बाबांनी न विकलेली एक वही उघडली. मैदा, क्रीम, चॉकलेट, फॉन्डंट, बॉक्स, वीज. बेरीज पावणेपाचशेच्या आसपास. ‘आणि तुझे सात तास?’ त्यांनी विचारलं. आई हसली. ‘माझ्या तासांचं काय?’

शेवटी नऊशे सांगितले. पलीकडून उत्तर आलं, ‘काकू, नऊशे? बेकरीत अडीचशेला अर्धा किलो मिळतो. तुमचं तर घरचंच आहे की!’ आणि आईने लगेच सहाशे केले. फोन ठेवल्यावर ती काही बोलली नाही, पण फॉन्डंट मळताना तिचा हात नेहमीपेक्षा जोरात चालत होता.

‘घरचंच तर आहे’ या वाक्यात सगळं येतं. घरचं म्हणजे चांगलं, शुद्ध, मायेचं. आणि घरचं म्हणजे फुकट. तुम्ही-आम्ही ऑफिसात पंधरा-पंधरा मिनिटांची टाइमशीट भरतो. कुरकुरतो, पण भरतो. आईने कधीच भरली नव्हती. तिने केलेली रुखवतं मोजायला बसलो, तर पन्नासच्या पुढे गेली. प्रत्येकाला आठ-दहा दिवस. बदल्यात साडी, नारळ, आणि ‘तुमच्या हाताला काय चव आहे हो!’

बाबांनी मग एक काम केलं. दुकानातल्या उरलेल्या मालात शाळेची वेळापत्रकाची कार्डं होती. सोमवार ते शनिवार, आठ तास, रिकाम्या चौकटी. त्यातलं एक त्यांनी फ्रीजवर लावलं आणि महिनाभर आई केकला बसली की चौकट भरत गेले. महिन्याच्या शेवटी बेरीज आली 74 तास. आई कार्डापुढे बराच वेळ उभी होती. ‘कामून एवढे झाले?’ तिने विचारलं. बाबा म्हणाले, ‘झाले नाहीत. तू केलेस.’

त्या दिवसापासून दर ठरले. साधा केक वजनावर. आकाराचा केक वजन अधिक तास. घासाघीस नाही, उधारी नाही, अर्धी रक्कम आधी. एफएसएसएआयची नोंदणी केली, कारण घरून विकायचं तरी ती लागते. चौदा आकडी नंबर बॉक्सवर छापला. आईचं स्वतःचं, फक्त तिच्या नावाचं बँक खातं उघडलं. काही गिऱ्हाइकं तुटली. जी राहिली ती पक्की राहिली. एका बाईंनी जिंतूरला एसटीत मांडीवर धरून केक नेला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा आल्या. बाबा आता आमचे ‘इंजिनीअर’ आहेत. कार्डशीटवर साचे कापतात, केकची कड सरळ आहे का ते कंपासपेटीतला गुण्या लावून बघतात. दुकानातला माल असा संपत आलाय.

तुमच्यापैकी कुणाला हे सुरू करायचं असेल, तर महागड्या नोझलच्या सेटपासून सुरुवात करू नका. एक वजनकाटा, एक टर्नटेबल, एक बरा ओटीजी पुरे. आणि हो, फ्रीजवर एक कार्ड. पहिल्याच केकपासून तास लिहा. विकायचं नसलं तरी लिहा.

गेल्या महिन्यात पलीकडच्या गल्लीतल्या एक काकू आल्या. मुलीचं लग्न ठरलंय. चहा झाला, पत्रिका दिली आणि सवयीने म्हणाल्या, ‘रुखवताचं तुम्हीच बघायचं बरं का वहिनी, दरवेळेसारखं.’

मी आतल्या खोलीत कॉलवर होते. स्वतःला म्यूट करून कान दिला.

आई म्हणाली, ‘करते की. पोरीला काय-काय पाहिजे त्याची यादी द्या. किती तास लागतात ते बघून उद्या सांगते.’

क्षणभर शांतता. मग काकूंनी पर्समधून पेन काढल्याचा आवाज आला.